डोळ्यातला घड कोण मोजतं? २०२५-२६चा द्राक्ष हंगाम आणि निर्यात

गोदाकाठ (निफाड) | १८ नोव्हेंबर २०२५

राम राम मंडळी,

गेले तीन दिवस वही घेऊन बागेत फिरतोय. साडेतीन एकर थॉमसन (बिनबियांची पांढरी द्राक्षं) आहे, लागवड नऊ बाय पाच फुटांवर, म्हणजे एकरी साधारण ९६८ वेली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गोडी छाटणी (फळ घ्यायची छाटणी) घेतली. आता फुलोरा चालू आहे, त्यामुळे कोणत्या काडीवर घड आला आणि कोणती वांझ गेली ते लपत नाही. प्रत्येक ओळीतली दहावी वेल धरून मोजलं. सरासरी १५ घड निघाले. मला विरळणीनंतर वेलीवर २८-३० घड ठेवायची सवय. एरवी त्याच्यावरचे घड काढताना हात दुखतात. यंदा काढायला काही नाहीच.

घडाचं वजन ३५० ग्रॅम धरलं तर दरवर्षी एकरी साडेनऊ-दहा टन माल होतो. यंदा ५ टनांच्या थोडा वर. खर्च मात्र अर्धा होत नाही. छाटणी, पेस्टिंग, फवारणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), खतं, मजुरी धरून माझे एकरी पावणेचार लाख जातात, किलोला ३८ रुपये पडतात. यंदा विरळणीची मजुरी थोडी वाचेल, तरी साडेतीन लाख लागणारच. म्हणजे किलोला ६९ रुपये. बांधावर बसून हा आकडा काढला आणि बराच वेळ उठलोच नाही.

सगळीकडे बोललं जातंय की ऑक्टोबरच्या पावसाने बागा गेल्या. पावसाने डाऊनी (केवडा रोग) आला, फवारण्या दुप्पट झाल्या, ट्रॅक्टर बागेत शिरेना, हे खरं आहे. पण माझ्या वेलीवरचा घड ऑक्टोबरात गेलेला नाही. तो मे महिन्यातच गेला. यंदा मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोचला, नोंदी सुरू झाल्यापासून सगळ्यात लवकर. त्याच्या आधीचे दहा-पंधरा दिवसही आमच्याकडे आभाळ भरलेलं होतं. नेमके तेच दिवस काडीच्या डोळ्यात, म्हणजे पुढे कोंब फुटतो त्या गाठीत, घड बसायचे होते.

म्हणून हा धागा. मला एकच गोष्ट सगळ्यांपुढे ठेवायची आहे. जूनअखेर काडीच्या पोटात किती घड आहेत हे ठरून गेलेलं असतं. डोळे तपासून ते कळू शकतं. तरी नोव्हेंबर उजाडेपर्यंत आपण 'यंदा कसं राहील' असं एकमेकांना विचारत बसतो. व्यापारी मात्र विचारत बसत नाही. तो बागा फिरतो, मोजतो आणि आपल्याला सांगतो की माल उदंड आहे.

तर आपण मोजू या. प्रत्येकाने लिहा: तालुका, जात, खरड छाटणीची (काडी तयार करायच्या छाटणीची) तारीख, गोड्या छाटणीची तारीख, वेलीवर सरासरी किती घड, आणि मोजलेल्या वेली किती. अंदाजाने लिहू नका, मोजून लिहा.

---

आडवाट (पुणे)

दादा, मी शेतकरी नाही, खाणारा आहे, पण धागा वाचून राहवलं नाही. परदेशातल्या व्यापारी अहवालांत द्राक्ष हे सफरचंद आणि नाशपातीसोबत 'पानझडी फळां'च्या गटात असतं. आपल्याकडच्या द्राक्षबागा पानं गाळून उभ्या असलेल्या मी कधीच पाहिल्या नाहीत. मग ती पानझडी कशी?

---

गोदाकाठ

वेल पानझडीच आहे. थंड देशात हिवाळ्यात ती पानं टाकून झोपते आणि वसंतात उठते. आपल्याकडे तिला झोपायला लावेल एवढी थंडी पडत नाही, म्हणून ती वर्षभर हिरवी राहते. आपणच कात्री लावून तिची पानं उतरवतो आणि तिला दोनदा जागं करतो. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करायला, ऑक्टोबरमधली फळ घ्यायला. ऑक्टोबरात डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतो, त्यालाच आम्ही पेस्टिंग म्हणतो. थंडीचं काम त्या औषधाकडून करून घ्यायचं.

---

काडीतपासणी

मी एका तालुक्यात द्राक्ष सल्लागार म्हणून काम करतो. गोदाकाठ दादांचं निदान बरोबर आहे. थोडं विस्ताराने सांगतो, कारण पुढच्या एप्रिलला याचा उपयोग होईल.

खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात काडीवरच्या डोळ्यांमध्ये सूक्ष्म घडनिर्मिती होते. डोळ्याच्या आत एक बारीकसा उंचवटा तयार होतो. त्याचं पुढे काय होणार हे सुरुवातीला ठरलेलं नसतं. त्याचा घडही होऊ शकतो आणि बाळीही (वेल आधाराला गुंडाळते तो तंतू). कडक ऊन, पानांवर थेट प्रकाश, बेताचं पाणी आणि कमी नत्र असेल तर वेलीत सायटोकायनिन या संप्रेरकाचं पारडं जड राहतं आणि घड होतो. ढग, ओल, दाट कॅनॉपी (पानांचा मांडव) आणि शेंड्याची धावती वाढ असेल तर जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक वरचढ होतं आणि बाळी होते. बाळीचा घड पुन्हा होत नाही. ऑक्टोबरात कितीही चांगलं पेस्टिंग करा, डोळा फुटेल, कोंब येईल, पण घड येणार नाही. फार तर गोळी घड येतो, बारीक, आणि तोही फुलोऱ्याच्या आधी जिरून जातो.

आता तारखा लावून बघा. ज्यांनी १० एप्रिलला खरड छाटणी घेतली त्यांचे ४० ते ६० दिवस म्हणजे २० मे ते ९ जून. बरोबर पावसाच्या तोंडात. ज्यांनी १५ मार्चच्या आसपास छाटलं त्यांचा तोच काळ एप्रिलअखेर ते मे मध्यापर्यंत आला. त्यांना ऊन मिळालं. माझ्याकडच्या प्लॉटांत हा फरक डोळ्यांना दिसतो. एकाच गावात, एकाच जातीत, रस्त्याच्या अलीकडे वेलीवर २५ घड आणि पलीकडे १२. जमीन तीच, खत तेच, छाटणीत पंचवीस दिवसांचं अंतर.

घड कमी म्हणून आता फुगवणीच्या मागे लागू नका. वेलीवर घड थोडे असले की सगळी ताकद त्यांच्यातच जाते. घड ६००-७०० ग्रॅमचा होतो, मणी एकमेकांना दाबतात, आतल्या बाजूला हवा खेळत नाही, आणि निर्यातीसाठी तो घड कापूनच भरावा लागतो. विरळणीची मजुरी वाचली म्हणून विरळणीच वाचवू नका. जीएची (जिबरेलिक आम्लाची) मात्राही वाढवू नका, साल जाड होईल आणि देठ कडक.

पुढच्या वर्षीसाठी: काढणी संपली की वेलीला विश्रांती देऊन खरड छाटणी शक्य तितकी आधी घ्या, सबकेन (शेंडा खुडून पोटकाडी काढणं) वेळेवर करा, कॅनॉपी मोकळी ठेवा. आणि गोड्या छाटणीच्या आधी काड्यांचे नमुने देऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घ्या. घड तिसऱ्या डोळ्यात आहे की सातव्या, हे कळल्याशिवाय कात्री कुठे लावायची ते कसं कळणार? यंदा ही तपासणी न करता सवयीप्रमाणे छाटणारे पुष्कळ आहेत. त्यांनी होते तेही घड काडीबरोबर जमिनीवर पाडले.

---

मोसमखोरे (बागलाण)

आमचं गणित उलटं आहे. आम्ही अर्लीवाले. जुलै-ऑगस्टमध्ये गोडी छाटणी घेतो, कारण नोव्हेंबर-डिसेंबरात माल निघाला की रशिया, आखात आणि देशातल्या बाजारात तो एकटाच असतो. आमच्या काड्या उन्हात तयार झाल्या होत्या, डोळ्यांत घड होते. पण पोंग्यापासून (कोवळ्या कोंबापासून) मणी ज्वारीएवढे होईपर्यंत एक आठवडा कोरडा मिळाला नाही. एक दिवसाआड फवारणी केली. डाऊनीने घडच्या घड पांढरे होऊन गळताना पाहिले. जे वाचले त्यांच्यात आता पाणी उतरतंय, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी धरतायत.

बागलाण, अर्ली बाग, खरड १२ मार्च, गोडी ४ ऑगस्ट, ६० वेली मोजल्या. फुलोऱ्यात २६ घड होते, आज विकण्याजोगे १३.

---

गोदाकाठ

मोसमखोरे भाऊ, फुलोऱ्यातले आणि आजचे असे दोन्ही आकडे दिलेत, फार उपयोगाचं झालं. नुकसान डोळ्यात झालं की झाडावर झालं, हे असंच वेगळं करता येईल.

---

पॅकहाऊस_पिंपळगाव

मी वीस वर्षं निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये आहे. या मोजणीला माझा थोडा विरोध आहे. तो मोकळेपणाने मांडतो.

एक तर दहा-वीस जणांच्या प्लॉटांवरून जिल्ह्याचा अंदाज निघत नाही. ज्याचं नुकसान झालं तोच लिहायला बसतो. ज्याची बाग भरलेली आहे तो गप्प राहतो. दुसरं असं की, 'भारतात माल नाही' अशी हवा नोव्हेंबरातच झाली तर युरोपचा खरेदीदार आपल्यासाठी थांबत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या कराराचा माल तो दक्षिण आफ्रिकेकडून वाढवून घेतो, पेरूकडून घेतो. शेल्फवरची जागा एकदा गेली की पुढच्या वर्षी माल असूनही मिळत नाही.

आपल्या व्यापाराची उंची बघा. अपेडाच्या (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) आकड्यांप्रमाणे २०२३-२४मध्ये देशातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन द्राक्षं बाहेर गेली, किंमत ३,४६० कोटी रुपयांच्या घरात. त्याच्या आदल्या वर्षी सुमारे २ लाख ६८ हजार टन होती. त्यातला मोठा वाटा आपल्या राज्याचा. हे एका दिवसात उभं राहिलेलं नाही. १९९१मध्ये महाग्रेप्स (बागायतदारांच्या सहकारी संस्थांची निर्यात संस्था) सुरू झालं तेव्हा प्रीकूलिंग (काढलेला माल लगेच थंड करणं) म्हणजे काय हे बागायतदाराला समजावून सांगावं लागायचं. आज माणूस पहाटे पाचला काढणी सुरू करतो, उन्हं चढायच्या आत क्रेट सावलीत, काही तासांत माल प्रीकूलिंगला, पेटीत ग्रेपगार्ड (कूज रोखणारा औषधी कागद), शून्य अंशावर कंटेनर बंद. हे सगळ्यांना तोंडपाठ आहे.

२०१० आठवतं का कुणाला? क्लोरमेक्वॅट क्लोराइडचा अंश सापडला म्हणून युरोपात कंटेनर अडकले. खरडीनंतर वाढ थांबवायला आणि घडनिर्मितीला मदत म्हणून लोक ते वर्षानुवर्षं मारत होते. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. एप्रिल-मेमध्ये मारलेलं औषध पुढच्या वर्षी फळात निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. यंदा घड कमी म्हणून पुढच्या मे महिन्यात कुणीतरी पुन्हा असलं काही हातात देईल. माझी हात जोडून विनंती आहे, घेऊ नका.

---

काडीतपासणी

शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. वाढ थांबवायची तर शेंडा खुडा, पाणी तोडा.

---

गोदाकाठ

पॅकहाऊस दादा, तुमचा अनुभव मोठा आहे, पण 'हवा होईल' या भीतीने मोजायचंच नाही हे मला पटत नाही. दक्षिण आफ्रिकेत द्राक्ष उत्पादकांची संघटना दर हंगामाला काढणीच्या तोंडावर अंदाज जाहीर करते. ऑरेंज नदी, ओलिफांट्स, बर्ग, हेक्स, प्रत्येक भागाचा वेगळा, साडेचार किलोच्या किती पेट्या निघतील ते. पुढे हंगाम सरकेल तसा तो दुरुस्तही करते. पाऊस झाला, वारा झाला, तर आकडा खाली आणतात आणि उघड सांगतात. त्याने त्यांचे खरेदीदार पळाले का? त्यांची निर्यात आता ७ कोटींहून जास्त पेट्यांची आहे.

आपल्याकडे ग्रेपनेटवर (निर्यातीच्या बागांच्या ऑनलाइन नोंदणीवर) किती बागा नोंदल्या हे कळतं. वेलीवर काय आहे ते कळत नाही.

---

डचवारी (नेदरलँड्स)

नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, रॉटरडॅमजवळ बारेंड्रेख्टला फळांच्या एका गोदामात तपासणीचं काम करतो. दोन्ही बाजू वाचल्या. इकडून काय दिसतं ते सांगतो.

खरेदीदाराला आकडा कमी असल्याचा राग येत नाही. त्याला राग येतो तो डिसेंबरात 'भरपूर आहे' सांगून मार्चमध्ये निम्मे कंटेनर पाठवल्याचा. सुपरमार्केटची जाहिरात, सवलतीचा आठवडा, सगळं सहा-आठ आठवडे आधी ठरतं. त्यामुळे गोदाकाठ दादा म्हणतात तो अंदाज खरा निघाला तर तो विश्वास वाढवणाराच आहे.

आपली खिडकी, म्हणजे आपला माल खपायचा काळ, कोणती ते आधी नीट बघू. नोव्हेंबर-डिसेंबरात इथे पेरू आणि दक्षिण आफ्रिकेचा उत्तर भाग असतो. पेरूतला पिउरा भाग आपल्यासारखाच उष्ण, तिथेही वेल झोपत नाही आणि सायनामाइड लावावं लागतं. जानेवारीपासून हेक्स नदीच्या खोऱ्याचा माल येतो. तिथे डोंगरावर बर्फ पडतं, वेल रीतसर पानं गाळते, एकच छाटणी होते. त्यांचा माल मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मे महिन्यात इजिप्त येतं. आपल्याला जागा मिळते ती फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, आणि त्यातही पांढऱ्या बिनबियांच्या द्राक्षात. केपटाउन बंदरात वाऱ्याने काम थांबलं की आपला भाव आठवडाभरात वर जातो, आणि त्यांची साचलेली जहाजं एकदम आली की तसाच खाली येतो. ही हालचाल मी दर हंगामाला बघतो.

दुसरी गोष्ट वाटेची. सुएझमार्गे न्हावा शेवाहून इथे यायला तीन आठवडे लागायचे. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बहुतेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येतात. पंधरवडा वाढला. म्हणजे आपली द्राक्षं आता केपटाउनच्या समोरून जातात, आणि तिथून निघालेल्या द्राक्षांपेक्षा दुप्पट वेळ पेटीत राहून इथे पोचतात. पाच आठवड्यांनी कंटेनर उघडला की मणी चांगला असतो पण देठ तपकिरी झालेला असतो. गिऱ्हाईक देठ बघतं. हिरवा देठ म्हणजे ताजा माल, एवढंच त्याला कळतं. पोटॅशचा अतिरेक, उशिरा केलेली काढणी, दुपारपर्यंत बांधावर पडलेले क्रेट, सगळं त्या देठावर लिहिलेलं असतं.

फळात उरणाऱ्या औषधांच्या अंशाचंही ऐका. युरोपचा कायदा एक मर्यादा सांगतो. पण जर्मनीतली मोठी दुकानं त्या मर्यादेच्या एक तृतीयांशाच्या आत माल मागतात, वर एका नमुन्यात चार-पाचपेक्षा जास्त औषधं नकोत म्हणतात. यंदा ज्यांनी पावसात वीस-पंचवीस फवारण्या केल्या त्यांचा प्रत्येक अंश मर्यादेत असेल, पण यादी लांब असेल. तो माल इंग्लंडला किंवा इकडच्या घाऊक बाजारात जाऊ शकतो, जर्मनीच्या दुकानात नाही. हे आत्ताच ओळखून प्लॉट वेगळे करा. प्रयोगशाळेचा कागद हातात आल्यावर रडण्यात अर्थ नाही.

शुल्काचं तर सगळ्यांना माहीत आहे. दक्षिण आफ्रिका, चिली, पेरू यांचा माल करारामुळे शुल्काशिवाय येतो, आपल्यावर ८ टक्क्यांच्या आसपास पडतं. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ला करार झाला आहे, तो अमलात आला की तिकडे बरं होईल.

---

दिंडोरीची_आक्का

सगळे मोठे मोठे बोलताय, मी घरातली गोष्ट सांगते. बाग मालक बघतात, हिशोब मी ठेवते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक व्यापारी आला. बाहेरचा, पण गावातल्या एकाच्या ओळखीचा. जागेवर चांगला भाव बोलला. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख दिले. तिसऱ्या गाडीला चेक, चौथ्या-पाचव्याला 'ताई, आठवडाभरात'. सहावी गाडी भरल्यावर फोन बंद. पावणेसहा लाख. माझ्या हातात त्याची एक कच्ची चिठ्ठी तेवढी, तिच्यावर किलो लिहिलेत, सही नाही. त्या वर्षी मुलीची फी सोसायटीच्या कर्जातून भरली. अजून फिटलेलं नाही.

हे आत्ता सांगते कारण माल कमी असला की असली माणसं जास्त येतात. भाव चढा बोलतात, आपला जीव सुटतो. आपला खर्चच किलोला ६९ म्हटल्यावर कुणी ९० म्हणाला की डोळे झाकून गाडी भरली जाते. तर बायांनो आणि दादांनो, व्यापाऱ्याचं आधार, पॅन, बाजार समितीचा परवाना, सौदापावती हे पहिल्या गाडीच्या आधी घ्या. मागचे पैसे आल्याशिवाय पुढची गाडी भरू नका. नातेवाईक मध्ये असला तरी.

आणि मोजणी: दिंडोरी, थॉमसन, खरड ६ एप्रिल, गोडी २८ सप्टेंबर, ८० वेली, सरासरी १७. मी स्वतः मोजल्या. पेठ-सुरगाण्याची मजुरांची टोळी अजून आली नाही, त्यांच्या भातकाढणीनंतर येतील. दरवर्षी पस्तीस माणसं सांगते, यंदा वीसच सांगितली. त्यांचाही हंगाम निम्म्यावर आला हे कुणाच्या हिशोबात येत नाही.

---

गोदाकाठ

आक्का, तुमचा हा प्रतिसाद मी धाग्याच्या वर डकवायला संपादकांना सांगतो. टोळीचं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याकडे वर्षानुवर्षं तीच माणसं येतात. आज फोन करून विचारतो.

---

येरळाकाठ (तासगाव)

आमच्याकडे खायच्या द्राक्षापेक्षा बेदाणा मोठा. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो, त्यामुळे द्राक्ष किलोला किती विकलं की शेडवर (बेदाणा वाळवायला) टाकणं परवडत नाही, हा हिशोब इथल्या पोराबाळांना येतो. मागच्या हंगामात बेदाणा तुटला, भाव चांगला मिळाला. यंदा खाण्याच्या द्राक्षालाच भाव राहिला तर शेडवर माल आणखी कमी येईल. निर्यातवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं: ज्या मालाला पॅकहाऊसमध्ये 'रिजेक्ट' म्हणून टाकता, त्याला यंदा आमच्याकडे गिऱ्हाईक आहे. बारीक मणी, उन्हाने तांबूस झालेला मणी, सगळं चालतं, फक्त कुजका आणि तडकलेला नको. मण्यातली साखर २२ ब्रिक्सच्या वर असू द्या.

तासगाव, सुपर सोनाका, खरड २० एप्रिल, गोडी १४ ऑक्टोबर. ५० वेली. ११ घड. शेजारच्या बांधावर माणिक चमन आहे, तिथे ९.

जाता जाता एक. ही माती तास-ए-गणेश या द्राक्षजातीची. वसंतराव आर्वेंनी बोरगावात निवडलेली वेल एके काळी राज्यभर पसरली. तिकडे नान्नजला नानासाहेब काळ्यांनी सोनाका आणि शरद या जाती शोधल्या. ही माणसं काय करायची? वेलीवेलीपाशी थांबून घड बघायची. गोदाकाठ दादा वही घेऊन फिरतात हे वाचून त्यांची आठवण झाली.

---

अंजीरवाडी (पुरंदर)

द्राक्षवाल्यांच्या धाग्यात शिरतोय, माफ करा. अंजीर आणि डाळिंबही पानझडीच. डाळिंबाला आपण पाणी तोडून, इथरेल मारून पानगळ करतो आणि बहार धरतो. अंजिराचा खट्टा बहार पावसाळ्यात गेला. मीठ्या बहाराची आशा आहे. पुरंदरच्या अंजिराचा रस २०२४मध्ये पोलंडला गेला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. रसाला एकसारखा रंग-आकार लागत नाही, फळ स्वच्छ आणि पिकलेलं असलं की झालं. म्हणून विचारतो, द्राक्षात बेदाण्याशिवाय असं काही होत नाही का? जो माल पेटीत बसत नाही त्याचं?

---

पॅकहाऊस_पिंपळगाव

होतं, पण थॉमसनच्या रसाला आंबटपणा कमी, रंग नाही. वाइनची जात वेगळी, तिचा करार वेगळा. अंजीरवाडी दादा, या प्रश्नावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

डचवारींचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं बदललं, हे कबूल करतो. खरा आकडा वेळेवर द्यावा, हे मान्य. पण तो एका प्लॉटचा नको, आणि फक्त घडांचा तर नकोच. पाणी उतरल्यानंतर मण्यांचा आकार, डिसेंबरातली थंडी आणि जानेवारीतलं आभाळ, यांच्यावर निर्यातीचा टक्का ठरतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांवर उतरला की निफाडात पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, लोक पहाटे ठिबक चालू करतात. त्याच थंडीत थॉमसनचा मणी गुलाबी पडतो आणि पांढऱ्याच्या पेटीतून बाद होतो. तेव्हा वही नोव्हेंबरात बंद करू नका.

---

द्राक्षकन्या

प्लॅस्टिक आच्छादनाचं कुणी लिहिलंच नाही. आमच्या मळ्यात एक एकरावर आहे. पावसापासून, डाऊनीपासून वाचलो, फवारण्या निम्म्या झाल्या, हे नक्की. पण ते गोड्या छाटणीनंतरचं संरक्षण. मे महिन्यातल्या ढगांवर ते चालत नाही, उलट त्याखाली प्रकाश आणखी कमी होतो. खर्च एवढा आहे की अनुदानाशिवाय लहान बागायतदाराने कर्ज काढून करावं असं मी सांगणार नाही.

निफाड, आच्छादनाखालची क्रिमसन, खरड २ एप्रिल, गोडी २५ सप्टेंबर, ४० वेली, १९ घड. उघड्यावरची थॉमसन, त्याच तारखा, ४० वेली, १६ घड.

---

गोदाकाठ | ६ डिसेंबर २०२५

मंडळी, अठरा दिवसांत ३१ जणांनी मोजून आकडे दिले. ज्यांनी 'साधारण' असं लिहिलं त्यांचे सात आकडे मी बाजूला ठेवले, राग मानू नका. उरलेल्या २४ प्लॉटांचं असं निघतं:

खरड छाटणी मार्चअखेरच्या आधी घेतलेले ६ प्लॉट आहेत, त्यांत फुलोऱ्याच्या वेळी वेलीवर सरासरी २४ घड. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातले ११, सरासरी १६. १५ एप्रिलनंतरचे ७, सरासरी ११. जात कोणतीही असो, तालुका कोणताही असो, उतार असाच दिसतो. २४ प्लॉट म्हणजे जिल्हा नव्हे, पॅकहाऊस दादांचं हे म्हणणं मला मान्य आहे. पण काडीतपासणी दादांनी रस्त्याच्या दोन बाजूंचं जे सांगितलं तेच इथे दिसतंय.

माझ्या बागेचं ठरलं ते सांगतो. साडेतीन एकरांत १८ टन माल निघेल असं धरलंय. त्यातला १२-साडेबारा टन निर्यातीला बसला तरी ४० फुटी कंटेनर जेमतेम एक. दरवर्षी दोन जायचे. ओढ्याकडच्या दीड एकरावर फवारण्या जास्त झाल्या आहेत, तो प्लॉट जर्मनीच्या नावाने ठेवणार नाही. त्याचा नमुना वेगळा देणार आणि अहवाल येईल त्याप्रमाणे ठरवणार. तिथला बारीक माल येरळाकाठ भाऊंच्या शेडवर पाठवायचं बोलणं झालं आहे. घडाला खांदे (वरच्या बाजूच्या फांद्या) ठेवणार नाही, ४५०-५०० ग्रॅमच्या आत राखणार. आक्कांनी सांगितलेली कागदपत्रं घेतल्याशिवाय एक क्रेट बांधाबाहेर जाणार नाही.

टोळीचा फोन लागला. दरवर्षी २२ माणसं येतात. मी दहाच सांगू शकलो. मुकादम म्हणाला, बाकीचे बारा यंदा कांद्याच्या लागणीला जातील, पुढच्या वर्षी मोठा घड धरा म्हणजे सगळे येऊ.

काढणी १० फेब्रुवारीच्या पुढे सुरू होईल. संपली की वेलीला तीन आठवडे सोडून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निम्म्या बागेची खरड छाटणी आणि उरलेल्या निम्म्याची नेहमीच्या तारखेला, असं दोन भागांत करणार आहे. जुलैत दोन्हींच्या काड्या डोळे तपासणीला देईन. काडीतपासणी दादा, एकरी किती काड्या द्यायच्या आणि त्या वेलीच्या कोणत्या भागातून घ्यायच्या, तेवढं इथे लिहून ठेवा. ज्यांना आपल्या काड्या त्याच वेळी द्यायच्या आहेत त्यांनी खाली नाव आणि तालुका लिहा, एकत्र नेऊ. माझं नाव पहिलं.